सतरा नंबरचा शिक्का

मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात आणि कोणीही बोलत नाही. संध्याकाळी घरी आलो की बायको बोलते, आणि मला नेमकी तेव्हा गाणी ऐकायची असतात. आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारातली बहुतेक भांडणं एवढ्यात आटोपतात.

गाणी मी साधी ऐकत नाही, हा माझा दोष आहे. आमच्या घरात एक खोली फक्त ऐकण्यासाठी आहे. तिच्यात माझ्या लग्नापेक्षा जुना अँप्लिफायर आहे. तो चालू केल्यावर वीस मिनिटं तापू द्यावा लागतो. खुर्ची कुठे ठेवायची याच्या खुणा मी जमिनीवर चिकटपट्टीने केल्या आहेत, आणि झाडताना कोणी ती चार बोटं सरकवली तरी मला बसल्याबरोबर कळतं. निदान मी तसं सांगतो. बायको या खोलीला ऑपरेशन थिएटर म्हणते आणि आत येताना मुद्दाम चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत येते.

माझ्यासारखे आणखी आठ आहेत. महिन्यातून एकदा आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, डोळे मिटून बसतो आणि जुन्या यंत्रांवर जुन्या तबकड्या ऐकतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, कोणी गेलंय की काय यांच्यातलं. आमचे म्होरके रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना आम्ही 'सोनेरी कान' म्हणतो. तोंडावरही म्हणतो, त्यांना ते आवडतं.

आम्हा नऊ जणांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचे स्पीकर. कारखाना आमच्याच शहराच्या कडेला होता. तिथे आता गोदामं आहेत. त्या काळात तो स्पीकर मध्यमवर्गीय घरात असायचा, लोक त्यावर फुलदाणी ठेवायचे. आता तो मिळाला तर आम्ही हातमोजे घालून उचलतो. प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर लोहचुंबकाशेजारी निळ्या शाईचा गोल शिक्का असतो आणि त्यात एक ते चोवीसपैकी एक आकडा. कधीतरी कोणीतरी सतरा आकड्याचं कौतुक केलं. दुसऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याला मान न डोलवायची लाज वाटली. बघता बघता असं ठरलं की कारखान्याचा मुख्य इंजिनियर एका बंद खोलीत एकेक स्पीकर ऐकायचा आणि जो मनाला भिडेल त्याच्यावरच सतराचा शिक्का मारायचा. सोनेरी कानांनी यावर तीन पानी लेख लिहिला. त्यात पुरावा एकही नव्हता, तळटिपा अकरा होत्या.

माझ्याकडे सतरा नंबरची जोडी आहे. नुसती जोडी नाही, हात न लागलेली जोडी. म्हणजे स्पीकरच्या मध्यभागी जी वाटीसारखी कागदी टोपी असते, ती कारखान्यात चिकटवल्यापासून कोणी उघडलेली नाही. आमच्यात टोपी उघडलेला स्पीकर म्हणजे बाटलेला. त्याला कोणी विचारत नाही. आमच्या वार्षिक मेळाव्यात माझी जोडी मधोमध मांडायची, असं यंदा ठरलं होतं. तिच्याबद्दल मी लिहिलंही होतं. माझं वाक्य मला पाठ आहे: 'उजव्या बाजूच्या खर्जात एक किंचित खरखरीत जिवंतपणा आहे, जो आजच्या यंत्रांत शोधून सापडणार नाही.' आठही जणांनी ते वाक्य उचलून धरलं.

एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या स्पीकरच्या कारखान्यात ती कोपऱ्यावरची शिवणवाली होती म्हणे कामाला."

"कोण शिवणवाली?"

"कोण काय? तुमच्या चार पँटी तिनंच आखूड केल्यात. नऊ वर्षं होती म्हणे तिथं. मी तिला तुमचं सतराचं पुराण सांगत होते, अशीच आपली हसत हसत. तर म्हणाली, सतरा म्हणजे मीच की."

माझा घास हातातच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा या म्हणीचा मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. आयुष्यात उपयोग त्या दिवशी झाला.

त्या शिवणवाल्या ताईंचं दुकान आमच्याच रस्त्यावर, लाँड्री आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या मध्ये. दुकान कसलं, दाराएवढी रुंदी. आत एक शिलाई मशीन, एक इस्त्री, आणि खिळ्याला दोरीने बांधलेली डावखुऱ्या माणसाची कात्री. तिच्यावर कागद चिकटवलेला, 'ही घेऊ नये'. ताई साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. बोलताना ओठांत तीन पिना धरलेल्या. मी आधी माझ्या धंद्याचं बोललो.

"पिना दातात धरू नका, पुढच्या दाताला खाच पडते."

"पडलीये," त्या म्हणाल्या आणि दाखवली. खरंच पडली होती.

मग मी मुद्द्यावर आलो. बंद खोली, मुख्य इंजिनियर, मनाला भिडणं, सगळं सांगितलं. त्यांनी पिना काढून उशीत खोचल्या आणि मनापासून हसून घेतलं.

"इंजिनियर यायचा की आमच्याकडं. पंखा बंद पडला की यायचा. शिक्का कौतुकाचा नव्हता हो डॉक्टर. चोवीस टेबलं, चोवीस बायका, प्रत्येकीचा एक नंबर. माल परत आला की कुणाची मान धरायची ते कळावं, म्हणून शिक्का."

"पण सतरा नंबर सगळ्यांत चांगला वाजतो, असं..."

"माझं काम सावकाश असायचं. त्यावरून बोलणीच खाल्ली मी नऊ वर्षं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चांगले वाजतात का खरंच?"

"तुम्ही ऐकले नाहीत?"

"गाणं कधी नाही ऐकलं. तिथं आम्हाला भोंगा असायचा. घूं करून खालून वरपर्यंत जायचा. तो ऐकायचा, बोटानं चाचपायचं, पुढचा घ्यायचा. घरी घ्यायला कुठला परवडतोय स्पीकर."

मी त्यांना घरी बोलावलं. मनात म्हटलं, आता ही बाई आपल्याच हातचं काम पहिल्यांदा ऐकणार, डोळ्यांत पाणी येणार, आणि मी ते लिहिणार. तळटिपांसकट.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्या आल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा. अँप्लिफायर तापवला. माझी सगळ्यात आवडती तबकडी लावली. ताई हात मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या, पाहुण्यांसमोर यजमानांचं पोर कविता म्हणत असतं तेव्हा आपण ऐकतो तसं. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "छान आहे. भोंगा आहे का?"

माझ्याकडे यंत्रं तपासायची एक तबकडी आहे, तिच्यात तसला सूर आहे. लावला. अगदी खालची घूं सुरू झाली आणि बाईंचा चेहराच बदलला. पाहुणेपण गेलं. त्या खुर्चीतून उठल्या, गुडघ्यांवर बसल्या, डाव्या हाताची तीन बोटं डाव्या स्पीकरच्या कागदावर अलगद टेकवली, कान जवळ नेला, मान हलवली. मग उजव्याकडे गेल्या. बोटं टेकवली आणि तिथेच थांबल्या.

"हा घासतोय."

"तो त्याचा जिवंतपणा आहे," मी म्हणालो.

"जिवंतपणा कसला डॉक्टर, गोंद सुटलाय."

बायको दारात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला. त्या हसण्याची भरपाई मला अजून मिळायची आहे.

स्क्रू काढून स्पीकर खोक्यातून बाहेर घ्यायला आमच्यात बंदी नाही, फक्त टोपीला हात लावायचा नाही. मी उजवा स्पीकर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला. निळा शिक्का, सतरा. त्याच्या खाली बारीक आकड्यांत आठवडा आणि साल. ते वाचल्यावर त्यांनी स्पीकर मांडीवर ठेवला आणि बायकोकडे पाणी मागितलं.

पाणी प्यायल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या आठवड्यात त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला होता. मुलगी हॉस्पिटलात. ताई रात्रभर तिच्या उशाशी आणि सकाळी तिथून तशाच कारखान्यात. रजा घेतली तर पगार कापला जाणार आणि औषधं तर आणायची होती. शेजारच्या टेबलावर अठरा नंबर बसायची, त्यांची मैत्रीण. तिने पाहिलं की ही बाई बसल्या जागी पेंगते आहे. दुपारी ती त्यांना मागच्या खोलीत खोक्यांच्या आड झोपायला पाठवायची आणि सुटायच्या वेळी उठवायची. उठल्यावर ताई घाबरून विचारायच्या, माझा ट्रे राहिला का गं? अठरा नंबर म्हणायची, अगं, तुझा ट्रे संपवूनच झोपलीस की, आठवत नाही का? ट्रे खरंच भरलेला असायचा, शिक्के मारून.

"आणि मला नव्हतं आठवत," ताई म्हणाल्या. "वाटायचं, केले असतील झोपेतच. हाताला सवय असते ना."

चार महिन्यांनी त्या आठवड्यातले चाळीस स्पीकर परत आले. सगळे घासणारे. सगळ्यांवर सतरा. ताईंना वरच्या मजल्यावर बोलावलं, टेबलावर चार स्पीकर मांडले होते. शिक्का तुझा का? हो. मग केले कोणी? मी नाही केले, असं छातीठोकपणे त्यांना म्हणता येईना. त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

"काम गेल्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मशीन घेतलं, पोट भरलं. पण डॉक्टर, तेहतीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाचे कपडे दिले की मी परत एकदा बघते. शिवण उलटी करून बघते. नवऱ्याचे शर्ट शिवायची तेव्हा बटणंसुद्धा ओढून बघायची. मनात असतं, या हातानं चाळीस बिघडवलेत. झोपेत का असेना, याच हातानं." असं म्हणून त्यांनी डावा हात जरा पुढे केला, जसं काही तो दुसऱ्या कोणाचा होता.

मग त्या टोपीकडे बघत राहिल्या. एकाएकी म्हणाल्या, "याच्या आत कळेल."

त्यांनी समजावून सांगितलं. कागदी कोनाच्या मधल्या भोकात तारेची गुंडाळी बसते आणि त्या सांध्यावर गोंदाचं कडं फिरवतात. स्पीकर फिरत्या पाटावर ठेवायचा, एका हाताने पाट फिरवायचा, दुसऱ्या हातात गोंदाची बाटली. कडं पूर्ण झालं की बाटली उचलताना गोंदाची बारीक शेपटी राहते. तेवीस बायका उजव्या हाताच्या होत्या, त्यांच्या शेपट्या एका दिशेला वळायच्या. एकट्या सतरा नंबरची दुसऱ्या दिशेला, कारण त्या डावखुऱ्या. वर टोपी बसली की हे कोणाला दिसत नाही.

"तेव्हा का नाही सांगितलंत वरच्या मजल्यावर?" बायकोने विचारलं.

"सुचलं नाही हो. पोरगी नुकती उठून चालायला लागली होती, डोकं कुठं ठिकाणावर होतं. सुचलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, ते चाळीस भंगारात गेले होते. हा एक कसा कोण जाणे राहिला."

त्यांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, बोट मागे घेतलं.

"राहू द्या. तुमचं ते हात न लागलेलं आहे ना. तुमच्या मिसेसनी सांगितलंय मला."

 मी स्पीकर उचलला, परत खोक्यात बसवला, स्क्रू घट्ट केले. दाराशी पोचवताना 'या पुन्हा' असंही म्हणालो. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पुढचे पंधरा दिवस मी दवाखान्यात जाताना लांबचा रस्ता धरला. बायकोने पहिले दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी तोंड सोडलं.

"तेहतीस वर्षं ती बाई बटणं ओढून बघते आहे, आणि तुम्हाला त्या टोपीची पडलीय! टोपी ती, मुकुट नव्हे!"

मी मेळाव्याचं कारण सांगितलं. शब्द दिलाय, जोडी एकदा उघडली की उघडली, आणि समजा शेपटी तिचीच निघाली तर? होती नव्हती ती आशाही जाईल बिचारीची. हे शेवटचं मला स्वतःलाही बरं वाटलं, कारण त्यात मी दयाळू दिसत होतो. बायको म्हणाली, "आशेचं तिचं ती बघेल. तुम्ही तुमचं बघा."

डोळे उघडले ते दवाखान्यात. एक जुने पेशंट आले, दाढ ठणकत होती. बघतो तर दाढेतलं भरण कसंतरी केलेलं, कड उघडी, आतून सगळी पोखरलेली. मी तिथेच चिडलो. म्हटलं, कोणत्या गाढवाने केलं हे? ते भरल्या तोंडाने म्हणाले, "तुम्हीच, डॉक्टर."

माझे कान तापले. जुनी कार्डं ठेवलेली पेटी काढली आणि एकेक चाळायला लागलो. दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत मला माझे सगळे दात आठवले, म्हणजे लोकांच्या तोंडातले माझे. किती जण रात्री गाल धरून बसले असतील माझ्यापायी? कार्ड सापडलं. माझं काम शेजारच्या दाढेत होतं आणि ते शाबूत होतं. ही दाढ त्यांनी दुसऱ्या गावी भरून घेतली होती, विसरले होते. मी खुर्चीवर बसलो आणि एक लांब श्वास सोडला. एका दाढेसाठी दहा मिनिटं माझी ही गत. आणि माझ्याकडे कार्डांची पेटी होती. ताईंच्याकडे काय होतं? त्यांची पेटी माझ्या घरात होती आणि मी तिच्यावर बसून गाणी ऐकत होतो.

संध्याकाळी दुकानात गेलो. "उद्या माझा दवाखाना बंद असतो," मी म्हणालो. "स्पीकर तिकडेच आणतो. उजेड चांगला आहे."

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "नक्की का?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी दाताच्या खुर्चीवर स्पीकर निजवला, खाली टॉवेल घातला, वरचा दिवा लावला. बायको मदतीला आली होती. ती म्हणाली, "आ करा म्हणावं त्याला." ताई हसल्या नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नाही.

टोपी मी उघडावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. "वस्तू तुमची. तुमच्या हातानं व्हायला हवं." मी कडेच्या गोंदावर बारीक ब्रशने द्रावण लावलं, वीस मिनिटं थांबलो, आणि पातळ पातं कडेखाली सरकवलं. आयुष्यात हजारो हिरड्या कापल्या, पण इतक्या सावकाश एकही नाही.  टोपी निघून हातात आली. तेहतीस वर्षांचं आमचं 'हात न लागलेलं' एका चिमटीत मावलं.

ताईंनी तोंडात घालायचा छोटा आरसा मागितला. तो आत धरून त्या वाकल्या. मी आणि बायको एकमेकांकडे बघत उभे. बराच वेळ त्यांनी आरसा हलवला नाही.

"उजव्या हाताचं आहे," त्या म्हणाल्या.

आरसा ट्रेमध्ये ठेवताना खणखणला. त्या माझ्या फिरत्या स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या, मग तो उजव्या हातात घेऊन मांडीवर ठेवला, आणि उजव्यानेच त्याच्यावर थोपटलं.  बायको सरळ रडायला लागली, ती लपवालपवी करत नाही.

"आणि हात ओळखीचा आहे," थोड्या वेळाने ताई म्हणाल्या. "शेपटीला गाठ आहे. बाटली उचलताना झटका द्यायची तिची सवय. कडं पुरं मिटलेलंही नाही. दोन दोन ट्रे करायचे म्हणजे घाई झाली असेल."

"अठरा नंबर?" बायकोने डोळे पुसत विचारलं. "कुठे असते ती? नंबर द्या मला. मी बोलते!"

"असते की. मुलाकडं असते. दर रविवारी फोन करते मला, तेहतीस वर्षं झाली. घरी फोन नव्हता तेव्हा किल्लीवाल्याकडं करायची. मला वाटायचं, बहिणी विसरल्या पण ही विसरली नाही."  मग माझ्या बायकोला समजावल्यासारखं म्हणाल्या, "तिनं माझं काम केलं होतं हो. पोर माझं आजारी, राबली ती. मला ओझं वाटू नये म्हणून म्हणाली, तूच केलंस. वाईट थोडंच होतं तिच्या मनात. माल परत आला तेव्हा तोंड उघडलं नाही तिनं, एवढंच. तिच्याही पदरात दोन पोरं होती."

"एवढंच?" बायको म्हणाली.

"एवढंच म्हणते मी. मला तेवढंच म्हणायचंय."

त्यानंतर त्या उठल्या आणि पिना उशीत खोचाव्यात तशा सहज कामाला लागल्या. सुटलेला गोंद सोलून काढला. गुंडाळी बरोबर मध्ये बसावी म्हणून भोवती फिल्मच्या पट्ट्या लावायच्या असतात. कारखान्यात त्या मिळायच्या. इथे मी दाताच्या जुन्या एक्स-रे फिल्म कापून दिल्या. कोणाच्या तरी अक्कलदाढेच्या चार पट्ट्या त्यांनी फटीत सरकवल्या. मग म्हणाल्या, फिरता पाट हवा. माझं स्टूल फिरतंच. स्पीकर स्टुलावर ठेवला, उजव्या हाताने स्टूल फिरवलं, डाव्या हातातून गोंद सोडला. एक फेरा, सलग, न थांबता. बाटली उचलली. शेपटी दुसऱ्या दिशेला वळली. माझ्या आयुष्यात मी इतकं नेटकं काम फार थोड्यांच्या हातचं पाहिलं आहे, आणि माझ्या धंद्यात फुशारकी मारणारे पुष्कळ आहेत.

वाळल्यावर पट्ट्या ओढून काढल्या, टोपी परत चिकटवली. बायकोने विचारलं, "आता नवीन शिक्का?"

"कशाला? आहे की."

मेळाव्यात मी सगळं खरं सांगितलं. टोपी उघडली आहे, सतरा नंबर म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या ताई आहेत, बंद खोली वगैरे काही नव्हतं. अठरा नंबरचं मात्र काही बोललो नाही. सोनेरी कानांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "उजव्याचा जीव गेला." बाकीच्या सातही माना हलल्या. शिवणवालीबद्दल ते म्हणाले, ही ऐकीव माहिती आहे, तपासून घ्यावी लागेल. माझी जोडी मधून काढून भिंतीकडे सरकवली. राग आला, नाही असं नाही. घरी येऊन त्याच स्पीकरवर घूं लावली आणि तीन बोटं टेकवून बघितली. अजिबात घासत नव्हता.

त्यानंतरच्या सोमवारी मी दुकानात गेलो. मला विचारायचं होतं, पण धीर होईना. एक बरी पँट आखूड करायला दिली, जिला काही झालेलं नव्हतं. ताईंनी ती मापली, माझ्याकडे बघितलं आणि आपण होऊनच म्हणाल्या, "आला होता काल फोन."

"मग?"

"नेहमीचंच. तिचे गुडघे, माझी पाठ. मग मी म्हटलं, अगं, एक जुना स्पीकर आला होता बघायला, सतरा नंबरचा, त्याच आठवड्यातला. तिकडं आवाजच बंद. मला वाटलं, फोन कट झाला. मग हळूच म्हणाली, कसा वाजतो? मी म्हटलं, छान वाजतो, जरासुद्धा घासत नाही.  मग म्हणाली, तू केलेला असेल."

त्यांनी दोरीला बांधलेली कात्री डाव्या हातात घेतली आणि माझ्या पँटीचा दोरा उसवायला घेतला.

"मी म्हटलं, हो गं, मीच केलाय."